लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांची माणसे

नवा कारखाना उभा राहिला की धन्यापुढे लवकरच एक प्रश्न येतो. रात्री फाटकावर कोणाला बसवावयाचे? भट्टीवरच्या किंवा लेथवरच्या माणसाचे काम चुकले तर ते दुसऱ्या दिवशी ध्यानात येते. हिशेबनिसाची चूक महिनाअखेर सापडते. पण रात्रीच्या पहारेकऱ्यावर नजर ठेवणारा कोणी नसतो, नजर ठेवण्याचे काम त्याचेच. म्हणून या जागी लोक ओळखीचा, घरंदाज, चार प्रतिष्ठितांची चिठ्ठी आणणारा माणूस शोधतात. औंध संस्थानातील एका ओसाड माळावर १९१० साली वसलेल्या कारखान्याच्या धन्याने मात्र या कामावर गुन्हा शाबीत होऊन शिक्षा झालेली दोन माणसे नेमली. एक तुकाराम रामोशी व दुसरा पिऱ्या मांग. साऱ्या वसाहतीची राखण त्यांच्याकडे आली आणि ते तिचे भरवशाचे पहारेकरी झाले. या धन्याचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

किर्लोस्कर हे नाव आमच्या निंबर्ग्याच्या काळ्या रानात पुस्तकांतून आले नाही. ते नांगरावरून आणि विहिरीवरच्या पंपावरून आले. ज्या घरी एक अक्षर वाचता येत नव्हते तिथेही ते ओळखीचे होते. पण नांगर कोणत्या लोखंडाचा एवढे पाहून आपण थांबतो. तो ज्यांच्या हातून झाला ती माणसे कोणी, कशी जमविली आणि कशी नांदविली, हे कोणी विचारीत नाही. आम्हास मात्र नांगरापेक्षा तीच गोष्ट मोठी वाटते. लक्ष्मणराव ख्रिस्ती नव्हते, हे आरंभीच सांगितलेले बरे. तरीपण त्यांच्या चरित्रात आपल्या मंडळ्यांनी पाहावे असे पुष्कळ आहे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. मुलाचे मन मात्र पोथीपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत रमे. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले. तेथे असे आढळून आले की त्यांना काही रंगांतील भेद दिसत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा घाव कोणता? हातात कसब आहे, मनात उमेद आहे आणि डोळाच साथ देत नाही! तेथे रडत न बसता ते यंत्रांची चित्रे काढावयास शिकले, कारण त्यात रेषा अचूक लागते, रंग लागत नाही. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले.

याच संस्थेत त्यांना दुसरा धडा मिळाला. बढतीची जागा निघाली, ती लक्ष्मणरावांना मिळावी अशी होती, पण ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. पुढे चाळीस-पन्नास वर्षे ते धनी म्हणून वागले, पण आमच्या समजुतीने त्यांच्यातला हा डावललेला शिक्षक कधी मेला नाही. आपले काम न पाहता आपली जात, रंग किंवा कागद पाहणारा वरिष्ठ माणसाच्या मनाचे काय करतो, हे त्यांना कोणत्याही ग्रंथात वाचावे लागले नाही.

ते बेळगावला आले. तेथे बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचा व्यवसाय १८८८ सालापासूनच होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत व पैसे घेऊन लोकांना चालवावयासही शिकवीत. बेळगावात आजही एका रस्त्याला किर्लोस्करांचे नाव आहे. सायकलींपाठोपाठ कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

नांगराची हकीकत वाचकांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. शिकलेली माणसे ही गोष्ट शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगतात. आम्ही शेतकऱ्यांच्या गावचे असल्यामुळे आम्हास ती निराळी दिसते. ज्याच्या घरी वर्षाचे एकच पीक येते त्याने नव्या वस्तूला दोन वर्षे लांबून न्याहाळले तर त्यात गैर काय? लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाला दोष दिला नाही. नांगर करीत राहिले आणि वाट पाहिली. माणसाला नवी गोष्ट पटण्यास वेळ लागतो, हे ज्या धन्याला उमजते तो आपल्या कामगारालाही वेळ देतो.

व्यवसाय रुळावर येत होता तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. जावे कोठे? अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर पडीक जमीन देऊ केली आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव तेथे आले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांचे घर! बरोबर सुमारे २५ कामगार आणि त्यांची बायकामुले होती.

येथे थोडे थांबले पाहिजे. कारखाना हलला की यंत्रे गाडीत घालून नेता येतात, पण माणसे तशी नेता येत नाहीत. बेळगावसारखे शहर, शेजारपाजार आणि नातीगोती सोडून या कुटुंबांनी निवडुंगाच्या माळावर यावे, असे त्या धन्याकडे काय होते? पैसा तर नव्हताच, तो कर्जाऊ होता. आम्हास एवढेच दिसते की या माणसांनी बेळगावात त्याला जवळून पाहिले होते. आमच्या भागात ऊसतोडीचा मुकादम हंगामापूर्वी उचल देऊन टोळी बांधतो. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला, फिटली की मोकळा. त्या बांधणीत आणि या २५ घरांच्या येण्यात जो फरक आहे, तो आमच्या वाचकांना विस्ताराने सांगावयास नको.

निवडुंग तोडून त्यांनी घरे बांधली, रस्ते काढले, पाण्याची सोय केली, मुलांसाठी शाळा आली. वसाहतीचे नाव किर्लोस्करवाडी पडले. कामगारांसाठी नीटनेटके गाव वसविण्याची कल्पना जगात अगदी नवी नव्हती. इंग्लंडात क्वेकर पंथाच्या कॅडबरी कुटुंबाने आपल्या चॉकलेटच्या कारखान्याशेजारी बोर्नव्हिल हे गाव १८९० नंतरच्या काळात वसविले होते. आमच्याकडे जमशेदपूरची उभारणी किर्लोस्करवाडीच्याच सुमाराची. पण कॅडबरी व टाटा यांच्यापाशी पैसा होता. येथे निवडुंग होता.

आता त्यांच्या माणसांकडे वळू. शंभुराव जांभेकर यंत्रांचे काम पाहत. के. के. कुलकर्णी सर्वत्र हिंडून पडेल ते व्यवस्थेचे काम उचलीत. मंगेशराव रेगे हिशेब व कचेरी सांभाळीत. अनंतराव फळणीकर हे शिक्षण अर्धे टाकून आलेले विद्यार्थी होते. अर्धे शिक्षण टाकलेला मुलगा म्हणजे घरच्यांची काळजी आणि शेजाऱ्यांची करमणूक. लक्ष्मणरावांच्या हाताखाली हाच मुलगा नव्या कल्पना लढविणारा नामांकित एंजिनिअर झाला. लक्ष्मणरावांपाशी काही जादू होती असे नाही. जे. जे. कलाशाळेत ते स्वतः चुकीच्या जागी बसले होते. चुकीच्या जागी बसलेला माणूस आळशी किंवा मंद दिसतो. त्याची जागा बदलली की तोच माणूस निराळा दिसतो. वर्गातल्या सर्वांत खोडकर मुलाकडे हजेरीची वही सोपविणाऱ्या शब्बाथशाळेच्या शिक्षकाला ही किमया ठाऊक असते. मात्र त्या मुलाला वही पेलेल की नाही, हे आधी न्याहाळावे लागते. न पाहता दिलेली वही दुसऱ्या रविवारी फाटून येते.

पहारेकऱ्यांची गोष्ट याहून पुढची आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली तो साऱ्या हिंदुस्थानास लागू केला. या कायद्याने माणूस जन्मताच चोर ठरे. पोलिसात हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचा नाही. सोलापूरला अशा लोकांसाठी तारेचे कुंपण घातलेली वस्ती होती. बाजाराला आणि दवाखान्याला सोलापूरला जाणाऱ्या आमच्या मंडळींनी सेटलमेंट हे नाव ऐकलेच आहे. प्रत्येक रामोशी आणि प्रत्येक मांग त्या यादीत होता असे नाही, परंतु संशय मात्र सर्वांवर असे. गावात चोरी झाली की पहिली धाड त्यांच्या वाड्यावर पडे. हा कायदा रद्द झाला तो १९५२ साली.

ज्या काळात सरकार अशा माणसांना तारेच्या आत घालून त्यांच्यावर पहारा ठेवीत होते, त्याच काळात लक्ष्मणरावांनी दोघांच्या हाती पहारा दिला.

कोणी म्हणेल यात नवल काय, जुन्या काळी गावची राखण रामोशाकडेच असे. हे खरे आहे. गावगाड्याला एवढे शहाणपण होते. पण जुन्या रामोशाला ते काम जन्माने आले होते, शिक्षा भोगून आल्यावर कोणी बोलावून दिलेले नव्हते. डाग लागलेल्या माणसाला सर्वांसमक्ष किल्ली देणे ही निराळी गोष्ट आहे. आणि त्यात धोका आहे, हे आपण भोळेपणाने विसरू नये. त्या दोघांपैकी एकाचा हात फिरला असता तर गावाने हसून लक्ष्मणरावांना पुरते नामोहरम केले असते. तसे झाले नाही.

पौलाने फिलेमोनास लिहिलेले छोटे पत्र आपण वाचतो तेव्हा पळून गेलेल्या अनेसिमाची आपल्याला दया येते. पण पत्र अनेसिमाला लिहिलेले नाही. ते धन्याला लिहिले आहे. परत आलेल्या नोकराला घरात कोणत्या जागी बसवावयाचे हा प्रश्न धन्यापुढे टाकला आहे. आमच्या मंडळ्यांत पेटीच्या किल्लीवरून वर्षवर्ष अबोला राहिल्याची उदाहरणे वाचकांनी पाहिली असतील, मग ती पेटी दानाची असो वा वाजवायची. तुरुंगातून सुटलेला माणूस उपासनेस आला तर आपण त्याला मागच्या बाकावर आनंदाने जागा देतो. पण मंदिराची झाडलोट आणि राखण त्याला द्यावी का, असा विषय पंचकमिटीत निघाला की काय होते? जक्कयाच्या घरी प्रभू येशू जेवावयास गेला तो जक्कयाने पैसे परत केल्यानंतर नव्हे, त्याआधी.

आणखी एक गोष्ट. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. आमच्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज मांगवाड्यातून व महारवाड्यातून आलेले आहेत, म्हणून १९१० नंतरच्या त्या काळात अशी बंदी घालणे म्हणजे काय होते हे आम्हास सांगावे लागत नाही. तरीपण खरे तेच लिहावयाचे तर हेही लिहिले पाहिजे की वरच्या कामांची जी नावे नोंदली गेली ती बहुतेक एकाच थरातली आहेत. मांगाला फाटक मिळाले, नकाशाचे टेबल मिळाले नाही. पहारेकऱ्याचे नाव नोंदीत पिऱ्या असे एकेरी आले आणि बाकीच्यांच्या नावापुढे राव लागला. हा दोष एका माणसाच्या माथी मारावा असे आम्हास वाटत नाही, परंतु तो झाकावा असेही वाटत नाही.

दुसरीही अडचण होती. ज्या गावात घर धन्याचे, शाळा धन्याची आणि रस्ताही धन्याचाच, तेथे नोकरी गेली की माणसाचे सारेच जाते. असा धनी सज्जन असला तर ठीक, पण त्याच्यानंतर कोण? धन्याच्या चांगुलपणावर उभे असलेले गाव त्याच्या आयुष्याइतकेच भरवशाचे असते. कामगारांच्या संघटना व कायदे याचसाठी लागतात. किर्लोस्करवाडीचे गुणगान करताना आपल्याकडच्या सालगड्यांचीही आठवण ठेवावी. मालक मायाळू आहे म्हणून ज्याने कधी हिशेब मागितला नाही, त्याच्या मुलांचे मालकाच्या मुलांच्या हाताखाली काय झाले हे आम्ही गावोगाव पाहिले आहे.

कामावरच्या माणसाचे वागणे हा पुढे विद्यापीठांचा विषय झाला. अमेरिकेत टेलर यांचे ग्रंथ १९११ साली निघाला, त्यात घड्याळ लावून मजुराची हालचाल मोजण्याचे शास्त्र होते. मग शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ पर्यंत प्रयोग झाले. दिवे वाढवून व कमी करून पाहिले, विश्रांतीच्या वेळा बदलून पाहिल्या. त्यावरून एल्टन मेयो प्रभृती पंडितांनी असे काढले की आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे, आपल्याला विचारते आहे, हे कळले की माणूस अधिक मन लावून काम करतो. पुढच्या पंडितांनी त्या प्रयोगांतील आकड्यांवर शंकाही घेतल्या आहेत. असो. कुंडलच्या माळावर दिवे वाढवून पाहण्याइतके दिवे नव्हते.

पहिल्या महायुद्धात लोखंड-कोळशाची टंचाई झाली, तीतूनही कारखाना तगला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे पत्र सुरू केले. आरंभी ते कारखान्याच्या बातम्यांचे होते, पण पुढे त्याचे किर्लोस्कर मासिक झाले आणि १९३० साली त्याला स्त्री ही बहीण मिळाली. नांगराच्या कारखान्याने मराठी घरात मासिक पोचवावे हा योग विरळाच.

औंध संस्थानात माणसांवर भरवसा टाकण्याचे वारे त्यापुढेही वाहत राहिले. १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर या नावाने कैद्यांची खुली वसाहत निघाली. तेथे कैद्यांना गजाआड न ठेवता शेतीवर राहू दिले. यामागे मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या एंजिनिअरांचा हात होता. पुढे १९५७ साली शांतारामबापूंचा दो आँखें बारह हाथ हा चित्रपट आला, त्याचा उगम या वसाहतीत आहे. तुकाराम आणि पिऱ्या यांच्या नेमणुकीचे हे फळ, असे म्हणण्यास आमच्यापाशी पुरावा नाही. पण त्याच छोट्या संस्थानाच्या मातीत दोन्ही गोष्टी झाल्या.

लक्ष्मणरावांची मुले मोठी झाली. थोरले शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेत शिकून आले. १९४१ साली हरिहरला व १९४६ साली पुणे आणि बंगलोर येथे नवे कारखाने निघाले. म्हातारपणी सुखाने बसून पाहावे असा हा विस्तार होता. तोच ३० जानेवारी १९४८ चा दिवस उजाडला. महात्माजींचा खून करणारा महाराष्ट्रीय ब्राह्मण होता, एवढ्या कारणावरून सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांच्या घरांना आगी लागल्या. जमाव किर्लोस्करवाडीवरही चालून आला आणि कारखाना पेटविला. अस्पृश्यतेला बंदी करणारा, डाग लागलेल्याला किल्ली देणारा जो धनी, त्याची अडतीस वर्षांची मेहनत त्याच्या जातीवरून जाळली गेली. मुंबईच्या शाळेत एकदा रंग पाहून डावलले, ते तरुणपणी सोसले होते. हे ऐंशीच्या घरात सोसावे लागले.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे. वाडीच्या कुंपणाआत त्यांनी माणूस पाहून माणूस ओळखला. पण कुंपणाबाहेरच्या खेड्यांना ते गाव आपले वाटले का, हा प्रश्न उरतो. चांगली चाललेली मिशनशाळा, चांगला चाललेला दवाखाना, चांगली सजलेली मंडळी, या सर्वांच्या भिंतीला बाहेरची एक बाजू असते आणि त्या बाजूला उभा असलेला माणूस आत काय चांगले चालले आहे ते पाहू शकत नाही. त्याला भिंतच दिसते.

जळालेला कारखाना पुन्हा चालू झाला. पोलाद ओतणे, पंप जुळविणे पुन्हा सुरू झाले. लक्ष्मणराव त्यानंतर आठ वर्षे जगले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची नवी मांडणी झाली. त्यात त्यांचे जन्मगाव गुर्लहोसूर आणि निजामाच्या राज्यातून सुटलेला आमचा आळंद तालुका, दोन्ही म्हैसूर राज्यात आले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. निवडुंगाच्या त्या माळाजवळचे कुंडल रोड स्टेशन आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की खिडकीतून पाटी दिसते.